गेलेल्यांचें देणें

मृतांचें आपण कांहीं देणें लागतों काय, आणि लागत असल्यास तें कोणत्या नाण्यांत फेडावें, हा प्रश्न वरवर पाहतां निरर्थक वाटण्याजोगा आहे. देणें म्हटलें कीं घेणारा हवा. आणि येथें तर घेणाराच नाहींसा झालेला असतो. मरणानंतर आत्म्याचें काय होतें, याचा निकाल वेदान्ती आणि चार्वाक यांच्यामध्यें अद्याप लागलेला नाहीं, आणि तो या लेखांत लावण्याची आमची ऐपतहि नाहीं. आमचा प्रश्न त्याहून पुष्कळ लहान आहे. आपल्या गल्लींत, पेठेंत, गांवांत जीं वडील माणसें साठसत्तर वर्षें वावरलीं आणि एके दिवशीं निघून गेलीं, त्यांची आठवण ठेवणें हें केवळ मनाच्या आवडीचें काम आहे, कीं तें कर्तव्य आहे? आणि कर्तव्य असेल, तर त्यांच्याविषयीं काय आठवावें आणि काय विसरावें?

हा प्रश्न आम्हांस पुस्तकांतून सुचलेला नाहीं. गेल्या वर्षीं एकाच पावसाळ्यांत आमच्या लासलगांवच्या पेठेंतील चार वृद्ध माणसें गेलीं. त्यांपैकीं एक गृहस्थ बाजारांत मापाडी होते. त्यांच्यासाठीं देवळाच्या सभामंडपांत लहानशी शोकसभा झाली, आणि बोलण्याचें काम आमच्याकडे आलें. कारण ज्याचें आयुष्य शाळेंत शिकविण्यांत गेलें त्याला बोलतां येतें, असा लोकांचा समज असतो. आम्ही बोललों. गेलेले गृहस्थ अजातशत्रु होते, मितभाषी होते, निगर्वी होते; त्यांच्या जाण्यानें न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे; असें जें जें अशा वेळीं बोलतात तें तें सर्व आम्ही बोललों. मंडळींनीं माना डोलावल्या. सभा उठल्यावर त्यांच्या वडील भगिनी पायरीवर बसल्या होत्या, त्यांस नमस्कार करावयास आम्ही गेलों. वय नव्वदीच्या आसपास, पण बोलणें स्पष्ट. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमी बोललात ते लई चांगलं बोललात. पण तो काही माझा भाऊ नव्हता."

हें त्या रागानें म्हणाल्या असत्या तर आम्ही दोन दिवसांत विसरून गेलों असतों. परंतु त्या अगदीं शांतपणें म्हणाल्या; जणूं दुसऱ्याच कोणाची गोणी चुकून आपल्या दारांत उतरविली गेली, आणि ती परत न्या, असें सांगावें तसें.

त्यांचें म्हणणें खरें होतें, हें आम्हांस त्याच क्षणीं ठाऊक होतें. मापाडीबुवा मितभाषी मुळींच नव्हते. त्यांचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई, आणि त्यांतील सर्वच शब्द येथें छापण्यासारखे नसत. अजातशत्रु तर ते कधींच नव्हते. लासलगांवची बाजारसमिति इ. स. १९४७ मध्यें स्थापन झाली. त्यापूर्वीं इतर अनेक बाजारांप्रमाणें मालाचा भाव रुमालाखालीं बोटें दाबून ठरे, आणि वजनांतून कडत्याच्या नांवाखालीं शेतकऱ्याचा माल कापला जाई, असें जुनीं माणसें सांगत. उघड्या लिलावाचा आणि बिनकडत्याच्या मापाचा नियम कागदावर आला, तरी तो पारड्यांत उतरण्यास माणसें लागतात. आमचे मापाडी अशा माणसांपैकीं एक होते. पारड्याला कोणाचा पाय हळूच टेकला आहे असें दिसतांच ते मोजणें थांबवून स्वतःच पारड्यांत बसत, आणि तो पाय निघून माफी मागितली जाईपर्यंत उठत नसत. यांत त्यांनीं शत्रु जोडले, दोनदां काम गमावलें, एकदां मारहि खाल्ला. पुढें भुईकाटे आले, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या सबंधच्या सबंध तोलल्या जाऊं लागल्या, आणि त्यांच्या डोळ्यांचें काम यंत्रानें घेतलें. तरीहि ते म्हातारपणीं काट्याशेजारीं उभे राहून आंकड्यांकडे संशयानें पाहत.

आतां विचार करण्यासारखी गोष्ट ही, कीं आम्हीं त्यांना "अजातशत्रु" म्हटलें तेव्हां त्यांचा गौरव केला, कीं त्यांचें जें एकमेव मोलाचें होतें तें काढून घेतलें? ज्याचें सर्व भूषण त्याच्या वैरांत होतें, त्याला निर्वैर म्हणणें ही स्तुति नव्हे. ती चोरी आहे. सर्वांच्या स्तुतीचे शब्द सारखेच असतात. चौकांतल्या श्रद्धांजलीच्या फलकांवर चित्र तेवढें बदलतें, शब्द बदलत नाहींत. मोबाइलवर जोडलेले हात येतात ते तर चित्रानेंहि बदलत नाहींत. अशा रीतीनें आपण दरवर्षीं पुष्कळ माणसांना एकाच माणसांत कोंबून निरोप देतों. तो एक माणूस मनमिळाऊ, निगर्वी आणि धर्मपरायण असतो. आणि तो कोणीहि नसतो.

यावर कोणी म्हणेल, कीं मृतांविषयीं चांगलेंच बोलावें हा सर्व देशांतील शहाण्यांचा उपदेश आहे. ग्रीक लोकांच्या सात शहाण्यांपैकीं स्पार्टाचा खिलोन याच्या नांवावर असेंच एक वचन सांगतात. परंतु त्याचा अर्थ मृतांची निंदा करूं नये एवढाच आहे. खोटी स्तुति करावी असा नाहीं. आमच्याकडे या बाबतींतील सर्वांत थोर उदाहरण रामायणाच्या युद्धकांडांत आहे. रावण पडल्यावर त्याचा अंत्यविधि करण्यास प्रत्यक्ष भाऊ बिभीषण कचरतो. तेव्हां राम त्याला सांगतो, कीं वैर मरणापर्यंतच. आतां हा जसा तुझा तसाच माझाहि आहे. हें वचन सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच ठिकाणीं राम आणखी काय म्हणतो इकडे थोड्यांचेंच लक्ष जातें. हा अधर्मानें व असत्यानें भरलेला असेल, तरी तेजस्वी, बलवान् आणि शूर होता, असें तो म्हणतो. वैर संपलें म्हणून रावण साधु झाला, असें रामानें म्हटलें नाहीं. आणि रावण अधर्मी होता म्हणून त्याचें शौर्यहि नाकारलें नाहीं. मृताविषयीं कसें बोलावें याचा याहून चांगला नमुना आम्हांस माहीत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. मृतांचें आपण देणें लागतों हें कशावरून? आमच्या शास्त्रांनीं पितृऋण सांगितलें, आणि तें फेडण्याचा मार्गहि नेमून दिला. पिता, पितामह, प्रपितामह यांस वसु, रुद्र, आदित्य या रूपांनीं उदक द्यावयाचें; आईकडचेहि तसेच. भाद्रपदाच्या कृष्णपक्षांत महालय करावयाचा. अहेव गेलेल्या बाईची नवमी वेगळी. तिथि ठाऊक नसेल त्याला सर्वपित्री अमावास्या. या व्यवस्थेंत पुष्कळ शहाणपण आहे. महालयाच्या उच्चारांत केवळ रक्ताचे आप्तच येतात असें नाहीं. गुरु, मित्र, आश्रित हेहि येतात. आणि ज्यांना पाणी देणारें कोणीच उरलें नाहीं त्यांच्याकरितां धर्मपिंड ठेवलेला आहे. ज्यानें हा धर्मपिंड प्रथम कल्पिला, त्याला एक गोष्ट पक्की कळली होती, कीं आठवणीचा हक्क वंशावर अवलंबून ठेवतां येत नाहीं. आमच्या जिल्ह्यांतच याचें मोठें प्रमाण आहे. निवृत्तिनाथांस पुत्र नव्हता, पौत्र नव्हता. परंतु पौष महिन्यांत त्र्यंबकेश्वराच्या वाटेनें ज्या दिंड्या चालतात, त्या पाहिल्या म्हणजे निपुत्रिक या शब्दाचा अर्थच पालटून जातो.

परंतु या व्यवस्थेची एक मर्यादाहि आहे. ती नांव सांभाळते. माणूस सांभाळीत नाहीं. नाशिकास किंवा त्र्यंबकेश्वरास तीर्थोपाध्यायांजवळ यजमानांच्या नामावळी असतात. गांव आणि कुळ सांगितलें कीं ते जुनी वही काढून आपल्या आज्याचें, पणज्याचें नांव, ते कोणत्या कारणानें आले होते, बरोबर कोण होतें, हें दाखवितात. कित्येकदां पूर्वजाचा स्वतःच्या हातचा लेखहि पाहावयास मिळतो. आम्हीं तो पाहिला तेव्हां डोळे भरून आले, हें सांगितलें पाहिजे. पण घरीं परत येतांना मनांत आलें, कीं या पणजोबांस राग कशाचा येई, ते कोणाशीं भांडले, त्यांनीं कोणाचें भलें केलें, याची एकहि ओळ आपणांपाशीं नाहीं. तिसऱ्या पिढीपुढें विधीलाहि नांव लागत नाहीं. नामावळी हा वृक्षाचा सांगाडा आहे. पानें त्यावर नाहींत.

आणि स्त्रियांच्या बाबतींत तर नांवाचीहि खात्री नाहीं. ज्या भगिनींनीं आम्हांस पायरीवर थांबविलें, त्यांचें माहेरचें नांव लग्नांत बदललें. सासरीं त्यांना अमक्याची आई म्हणत, पुढें अमक्याची आजी म्हणूं लागले. त्यांचें खरें नांव पेठेंत किती जणांस ठाऊक आहे, हें आम्हीं मोजून पाहिलें, तीन. त्यांत आम्ही नव्हतों.

चार्वाकपक्षीय वाचक येथें विचारील, कीं मृताला हें कळत नाहीं, मग त्याच्या बाबतींत अन्याय कसला? आठवण ही जिवंतांच्या समाधानासाठीं. तें समाधान मिळालें कीं काम झालें. या आक्षेपास आमचें उत्तर दोन पायऱ्यांचें आहे. पहिली पायरी अशी. मरणाऱ्या माणसास आपण एखादें वचन दिलें, आणि तो गेल्यावर तें मोडलें, तर "त्याला कोठें कळतें" असें म्हणून आपली सुटका होते काय? आमच्या ओळखीचा अगदीं नास्तिक मनुष्यहि होय म्हणणार नाहीं. मृत स्त्रीवर कोणी खोटा कलंक लावला, तर तिचे कोणीहि आप्त जिवंत नसले तरी आपण त्या माणसास दोषच देतों. म्हणजे अन्याय होण्यास तो कळणें अवश्य नाहीं, हें आपण नित्याच्या व्यवहारांत मान्य केलेलेंच आहे. दुसरी पायरी अशी. आठवण जर केवळ जिवंतांच्या समाधानासाठीं असती, तर गोड खोटें आणि कडू खरें यांत निवड करण्याचें कारणच नव्हतें. गोड तें घ्यावें आणि मोकळें व्हावें. पण मग त्या वृद्ध भगिनीचें समाधान कां झालें नाहीं? सभेंत सर्वांत अधिक दुःख त्यांनाच होतें, आणि आमची साखर नेमकी त्यांनाच गोड लागली नाहीं. कारण त्यांना समाधान नको होतें. त्यांना भाऊ हवा होता. ज्याचें प्रेम खरें त्याला प्रतिमा पुरत नाहीं. म्हणून आम्ही म्हणतों, कीं मृतांचें देणें आहे. आणि तें सत्याच्याच नाण्यांत फेडावें लागतें, दुसरें नाणें तेथें चालत नाहीं.

मराठींत हें देणें कसें फेडावें हें दोन स्त्रियांनीं दाखवून दिलें आहे, आणि दोघींचाहि विषय आमच्या जिल्ह्याशीं निगडित आहे. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे हे आमच्याच तालुक्याच्या गांवीं, निफाडास, इ. स. १८४२ मध्यें जन्मले. ते इ. स. १९०१ मध्यें वारल्यावर त्यांच्या पत्नी रमाबाई यांनीं इ. स. १९१० मध्यें आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. पतीविषयींची भक्ति त्यांत ओतप्रोत आहे; तरीहि विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या पुरुषानें वडिलांच्या आग्रहापुढें मान तुकवून इ. स. १८७३ मध्यें अकरा वर्षांच्या मुलीशीं लग्न केलें, ही गोष्ट त्या मुलीनेंच लिहून ठेवली आहे. त्यामुळें रानडे लहान झाले नाहींत. त्यांना सहन करावी लागलेली ओढाताण आपणांस कळली. दुसरें पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांच्या "स्मृतिचित्रें" हें होय; तें इ. स. १९३४ पासून भागाभागांनीं बाहेर आलें. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा तापट स्वभाव, त्यांची उधळी उदारता, घरांत उद्यांचें काय याची बेफिकिरी, हें सर्व त्यांत हसतहसत आणि कधीं रडतरडत सांगितलें आहे. तें वाचून कोणालाहि टिळकांविषयीं अनादर वाटला असें आम्हीं ऐकलें नाहीं. उलट, त्यांच्या कवितेपेक्षां त्या पुस्तकांतील टिळक पुष्कळांस अधिक जवळचे वाटतात.

हे थोर पुरुष झाले. त्यांच्याविषयीं कोणी ना कोणी लिहिणारच. सामान्यांचें काय? इंग्रज कवि ग्रे यानें इ. स. १७५१ मध्यें खेड्यांतील स्मशानभूमीवर जी विलापिका प्रसिद्ध केली, तिचा विषयच हा आहे, कीं येथें निजलेल्यांचे गुण संधीअभावीं जगाला दिसले नाहींत. कविता सुंदर आहे. पण आम्हांस तिच्यांत एक उणीव वाटते. त्या थडग्यांतील माणसें अनाम राहिलीं याबद्दल कवि हळहळतो, पण शेजारच्या घरीं जाऊन त्यांपैकीं एकाचीहि हकीकत विचारीत नाहीं. आम्ही सुशिक्षित लोक बहुधा असेच वागतों. हळहळणें आम्हांस जमतें. विचारणें जमत नाहीं.

आतां सर्वांत कठीण भाग राहिला. सत्य सांगावें म्हणजे सर्वच सांगावें काय? आमच्या मापाडीबुवांचा एक दोष असा होता, कीं त्याला बाजारांतल्या भांडणासारखी कोणतीहि सबब नव्हती. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्यांनीं धाकट्या भावाशीं बोलणें टाकलें, आणि तें एकोणीस वर्षें टाकलें. भाऊ आजारी पडला, गेला. हे त्याच्या दशक्रियेस घाटावर गेले नाहींत. त्या भावाचीं मुलें आज याच पेठेंत आहेत. ही गोष्ट सभेंत सांगावयास हवी होती काय? आम्हांस वाटतें, नव्हती. मग ती कायमचीच पुसून टाकावी काय? तेंहि नव्हे.

येथें तीन भेद केल्यावांचून मार्ग दिसत नाहीं. जें त्या माणसानें चारचौघांत, उजेडांत केलें, तें त्याच्या आयुष्याचा भाग आहे. तें सांगण्यास हरकत नसावी. जें त्यानें विश्वासानें एकाच्याच कानांत सांगितलें, तें त्याच्याबरोबर जाऊं द्यावें. मृत्यूनें विश्वासाचा करार मोडत नाहीं, हें वर आलेंच आहे. आणि ज्या गोष्टींत जिवंत माणसांचा वांटा आहे, ती त्या माणसांना विचारल्याशिवाय कागदावर आणूं नये. आठवण म्हणजे जुन्या भांडणाचा वारसा नव्हे. कित्येक घरांत पूर्वजांचें एवढेंच आठवत असतात, कीं कोणीं कोणाचा बांध कोरला. अशा आठवणीपेक्षां विस्मरण शतपट बरें. विसरणें हाहि कधीं धर्म असतो. मात्र विसरण्याचा अधिकार ज्याला जखम झाली त्याचा आहे; ज्यानें ती केली त्याचा नव्हे, आणि सभेंत टाळ्या घेणाऱ्या वक्त्याचा तर नव्हेच नव्हे.

हें सर्व मनाशीं ठरवून आम्हीं एक वही घेतली, आणि मापाडीबुवांचें खरें चरित्र दोन पानांत लिहिलें. पारड्यांत बसण्याची हकीकत लिहिली. शिव्यांची तोंडओळख करून दिली. विहिरीच्या प्रकरणाची जागा मोकळी सोडली. तें घेऊन आम्ही त्यांच्या भगिनींकडे गेलों. तो दिवस अमावास्येचा होता. आमच्या बाजारांत अमावास्येस कांद्याचा लिलाव न करण्याची प्रथा पुष्कळ वर्षें होती. अलीकडे ती सोडून देण्यांत आली, आणि नाशवंत माल घरांत घेऊन बसलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें तें योग्यच झालें. पण जुन्या घरांतून त्या दिवसाची सवड अजून अंगवळणीं आहे. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें. पारड्याच्या ठिकाणीं त्या हसल्या. मोकळ्या जागेपाशीं आम्ही थांबलों, तेव्हां त्यांनीं आंतून धाकट्या भावाच्या मुलाला हांक मारली आणि त्याच्यादेखत म्हणाल्या, "तिथं लिहा, की त्यात त्याचंच चुकलं. मी त्याला तोंडावर सांगितलं होतं, तेवढंबी लिहा." आम्हीं पुतण्याकडे पाहिलें. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "लिहा. पण हेबी लिहा, की माझ्या लग्नात मांडवाबाहेर उभं राहून अक्षता टाकून गेले होते. मी पाहिलं होतं."

ही गोष्ट गांवांत कोणालाच ठाऊक नव्हती. भगिनींनाहि नव्हती. आमच्या सभेंतल्या भाषणानें ती कधींहि बाहेर आली नसती. कारण ज्याला शत्रुच नाहीं, त्याच्या मांडवाबाहेर उभें राहण्याला अर्थ कसला?

निघतांना आम्हीं त्यांना विचारलें, कीं आपल्याविषयीं काय लिहूं? त्यांना प्रथम ही थट्टा वाटली. मग म्हणाल्या, आजपर्यंत असें कोणीं विचारलें नाहीं; सांगण्यासारखें कांहीं नाहीं; आणि लगोलग, पुढच्या अमावास्येस या, दुपारीं, जेवणें आटोपल्यावर. वहीच्या पुढल्या पानावर आम्हीं त्यांचें माहेरचें नांव लिहून ठेवलें आहे. त्याखालचें पान तूर्त कोरें आहे. मृतांचें देणें त्यांच्या मरणानंतर फेडूं लागलें तर बहुतेक बुडतेंच, हें आम्हांस या सर्व प्रकरणांत उशिरां कळलें. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशीं वडील माणसें अद्याप ओसरीवर बसलेलीं आहेत, त्यांना तें वेळेवर कळावें, एवढ्याकरितां हा लेखप्रपंच.